कपाटातले ऊन, कपाटातली रात्र

गांजाचे झाड मूळचे उघड्यावरचे. मध्य आशियापासून हिमालयाच्या उतारांपर्यंत ते ओढ्याकाठी, उकिरड्याजवळ, पडीक जमिनीत आपोआप उगवते. उत्तराखंडात आणि हिमाचलात रस्त्याच्या कडेला दिसणारी भांगेची दाट रानेच्या राने कोणी पेरलेली नसतात. भरपूर ऊन, वाहता वारा आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन मिळाली, की ही वर्षायू वनस्पती एका हंगामात पुरुषभर उंची सहज ओलांडते. तीच वनस्पती आज कॅनडात, जर्मनीत आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत कपडे ठेवायच्या कपाटात, दिव्याखाली वाढवली जाते. नवशिक्याचे पहिले झाड तर बहुधा तिथेच वाढते.

उन्हातले झाड कपाटात गेले ते बागकामाच्या गरजेतून नव्हे, कायद्याच्या धाकातून. १९७०च्या दशकापर्यंत अमेरिकेत खपणारा बराचसा गांजा मेक्सिकोतून येत असे. त्या दशकाच्या उत्तरार्धात मेक्सिकोतल्या शेतांवर पॅराक्वॅट हे तणनाशक फवारले जाऊ लागले आणि अमेरिकेतल्या देशी लागवडीला जोर आला. पुढे १९८३ साली कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत हेलिकॉप्टरमधून झाडे हेरून उपटण्याची सरकारी मोहीम सुरू झाली. आभाळातून दिसते ते जाते, हे लक्षात येताच लागवड तळघरात, माळ्यावर आणि कपाटात शिरली. रस्त्यावरचे आणि हरितगृहांतले सोडियमचे दिवे घरात आले, आणि कमी जागेत, बुटकी पण फुलांनी गच्च भरलेली झाडे देणारे वाण निवडले गेले. कपाटातल्या लागवडीची बरीचशी तंत्रे अशी लपण्याच्या गरजेतून घडली आहेत. लपण्याची गरज जिथे संपली, तिथेही ती सवय म्हणून टिकून राहिली.

कॅनडात ती गरज १७ ऑक्टोबर २०१८ रोजी संपली. त्या दिवशी लागू झालेल्या संघीय कायद्याने प्रौढांना एका घरात चार झाडे लावण्याची मुभा दिली. ही मर्यादा घराला आहे, माणसाला नाही. एका छताखाली पाच प्रौढ राहत असले, तरी झाडे चारच. बियाणे किंवा रोप अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे लागते, घरचा माल विकता येत नाही, आणि मर्यादा ओलांडून लागवड करणाऱ्याला कमाल १४ वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. क्वेबेक प्रांताने तर घरगुती लागवडीवर पूर्ण बंदी घातली. तिला आव्हान दिले गेले, पण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ती वैध ठरवली. याखेरीज घरमालक भाडेकरारात आणि इमारतीची व्यवस्थापन समिती आपल्या नियमांत लागवडीला मनाई करू शकते. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रत्येक प्रौढाला एका वेळी तीन झाडे ठेवता येतात, मात्र ती मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था बंधनकारक आहे. उरुग्वेने २०१३ सालीच घरामागे सहा झाडांना परवानगी दिली होती. अमेरिकेत मात्र विचित्र स्थिती आहे. कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियात घरी सहा झाडे चालतात, वॉशिंग्टन राज्यात दुकानातून गांजा विकत घेता येतो पण हौसेखातर घरी झाड लावता येत नाही, आणि संघीय कायद्याने हे सगळेच अजूनही गुन्हा आहे.

झाडाकडे वळू. १७५३ साली लिनियसने त्याला ‘कॅनाबिस सॅटायव्हा’ हे नाव दिले. १७८५ साली लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून ‘कॅनाबिस इंडिका’ ही वेगळी जात मानली. या दोन जाती की एकाच जातीची दोन रूपे, हा वाद वनस्पतिशास्त्रात अजून मिटलेला नाही. दुकानातल्या पाकिटांवर ‘इंडिका’ आणि ‘सॅटायव्हा’ हे शब्द ठळकपणे छापलेले असतात. पण आजचे बहुतेक सर्व वाण संकरित आहेत आणि त्या शब्दांवरून झाडाचा रासायनिक गुणधर्म ओळखता येत नाही. बिअरला कडवटपणा देणारा हॉप्सचा वेल हा या झाडाचा जवळचा भाऊबंद.

या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. पपईसारखेच हे. कोवळ्या रोपाकडे पाहून ते नर की मादी हे सांगता येत नाही. पेरापाशी पहिली फुले दिसली की कळते. नर झाडाला छोट्या कळ्यांचे झुबके येतात, मादीच्या फुलातून दोन पांढरे तंतू बाहेर डोकावतात. मादी फुलांच्या आणि त्यांच्या भोवतालच्या लहान पानांच्या पृष्ठभागावर टाचणीच्या आकाराचे, डोक्यावर राळेचा थेंब धरलेले सूक्ष्म केस असतात. झाडातली नशा आणणारी द्रव्ये मुख्यतः त्या थेंबात तयार होतात. मादीला पराग मिळाला तर तिची शक्ती बी भरण्याकडे वळते. पराग मिळालाच नाही तर ती फुलांवर फुले आणि राळेवर राळ धरत जाते. म्हणून गांजासाठी लावलेल्या झाडांत नर झाड वेळीच काढून टाकतात.

ही युक्ती कॅलिफोर्नियाची मानली जाते, पण ती बंगालात त्याच्या कितीतरी आधी रुळलेली होती. १८९३ साली ब्रिटिश सरकारने भारतातल्या भांग, गांजा आणि चरसाची चौकशी करायला आयोग नेमला. त्याच्या अहवालात नौगाव भागातल्या परवानाधारक शेतीचे तपशीलवार वर्णन आहे. तिथे नर रोपे ओळखून उपटण्याचे काम जाणकार पारखी करत. इंग्रज अधिकारी त्यांना ‘गांजा डॉक्टर’ म्हणत. पारख्याच्या नजरेतून एखादे नर झाड सुटले, तर आसपासच्या शेताची प्रत घसरे. मध्य प्रांतात खांडवा आणि मुंबई इलाख्यात अहमदनगर इथेही त्या काळी सरकारी देखरेखीखाली गांजा पिकत असे. आजचा कॅनेडियन नवशिक्या ज्याला नवे तंत्रज्ञान समजतो, त्यातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी डोळ्यांच्या आधारे पूर्वीच सिद्ध केला होता. आता फक्त मादी रोपेच देणारे बियाणे मिळते, त्यामुळे पारख्याची गरज उरली नाही. तरीही प्रकाशाचा किंवा उष्णतेचा ताण बसला, तर मादी झाडावरही चार-दोन नर फुले निघतात, आणि बंद कपाटात तेवढा पराग सगळ्या फुलोऱ्यात बी धरायला पुरतो.

कपाटातल्या लागवडीचा गाभा म्हणजे रात्र. दिव्याचे कौतुक फार होते, पण हे झाड फुलण्याचा निर्णय अंधार मोजून घेते. १९२० साली गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकी कृषिशास्त्रज्ञांनी एक शोध प्रसिद्ध केला. तंबाखूचा एक वाण उन्हाळ्यात वाटेल तेवढा उंच वाढे, पण फुलत नसे. दिवसाचा काही काळ त्याला अंधाऱ्या खोपीत ठेवले, की तो भर उन्हाळ्यात फुले. वनस्पती दिवसाची लांबी ओळखतात, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी काटेरी फळांच्या एका तणावर प्रयोग करून दाखवले, की खरे मोजमाप दिवसाचे नसून अखंड अंधाराचे असते. लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटे दिवा लावला, तर झाड ती रात्र जमेस धरत नाही. पानांतले फायटोक्रोम हे रंगद्रव्य तांबड्या प्रकाशात एक रूप घेते आणि अंधारात सावकाश पूर्वरूपाला येते. झाडाला रात्रीचा हिशेब लागण्यात त्याचा मोठा वाटा असतो.

शेवंती पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हे नवे नाही. शेवंतीही लांब रात्रीला फुलणारी. ऐन सणाला माल हवा म्हणून हरितगृहात रात्री दिवे लावून तिची फुले मागे ढकलतात, किंवा काळे कापड टाकून ती पुढे ओढतात. गांजाचे झाडही याच जातकुळीचे. टोरांटोत जूनमध्ये दिवस साडेपंधरा तासांच्या आसपास असतो. तेव्हा बाहेरचे झाड नुसते पाने आणि फांद्या वाढवते. ऑगस्टमध्ये रात्री पुरेशा लांबल्या की ते फुलोरा धरते आणि सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात तयार होते. नेमक्या त्याच वेळी तिथे पाऊस आणि दहिवर सुरू होते. कपाटात हा ऋतुबदल माणूस घड्याळाने घडवून आणतो. वाढीच्या काळात रोज अठरा तास दिवा आणि सहा तास अंधार. पुढे फुलोऱ्याच्या काळात बारा तास दिवा, बारा तास अंधार. दिव्याची चालू-बंद वेळ पाळणारा साधा टायमर हाच तिथला सूर्योदय आणि सूर्यास्त. नवशिक्याचे पहिले नुकसान बहुधा इथेच होते. कपाटाच्या फटीतून येणारा खोलीतला उजेड किंवा रात्री सहज उघडलेले दार एवढ्याने झाड गोंधळते. फुलोरा लांबतो, कधी नर फुले निघतात. दिवसाच्या लांबीकडे न पाहता वयावर फुलणारे वाणही आहेत. त्यांच्यात रशियाकडच्या ‘रुडेरालिस’ या ठेंगण्या रानटी प्रकाराचा वारसा आहे. नवशिके ते पसंत करतात, कारण त्यात घड्याळ सांभाळावे लागत नाही.

प्रकाश किती लागतो, याचा अंदाज नवशिक्याला येत नाही. माणसाचा डोळा अंधाराशी जुळवून घेतो, त्यामुळे घरातला दिवा त्याला लख्ख वाटतो. झाडाच्या दृष्टीने तो संधिप्रकाश. भर दुपारच्या उन्हात पानावर पडणारी प्रकाशऊर्जा दिवाणखान्यातल्या दिव्यापेक्षा शेकडो पटींनी अधिक असते. कमी प्रकाशातले रोप दोऱ्यासारखे बारीक आणि लांब होते आणि स्वतःच्या वजनाने कलते. पूर्वी यासाठी सहाशे किंवा हजार वॅटचे सोडियमचे दिवे वापरत. ते इतके तापत की लहान कपाटात झाड होरपळण्याचा आणि घराला आग लागण्याचा धोका एकदमच यायचा. एलईडी दिव्यांनी ही अडचण पुष्कळ कमी केली. तरी दिवा, पंखा आणि टायमर एकाच स्वस्त एक्स्टेंशन बोर्डावर, तेही पाण्याच्या भांड्याशेजारी, ही रचना आजही घातकच.

माती आणि पाणी यांबद्दल लांबण लावण्याचे कारण नाही. कुंडीतल्या टोमॅटोला जे मानवते ते यालाही मानवते: हलके मिश्रण, तळाला भोक, आणि वरची माती सुकल्यावरच पाणी. नवशिक्यांची रोपे उपासाने क्वचित मरतात. अतिपाण्याने आणि अतिखताने मात्र पुष्कळ मरतात. मुळांना हवा मिळाली नाही की पाने मलूल होतात, आणि ती मलूल दिसली म्हणून आणखी पाणी घातले जाते.

खरा झगडा हवेशी असतो. झाड मुळांतून घेतलेल्या पाण्याचा बहुतांश भाग पानांवाटे हवेत सोडते. शेतात ती वाफ वाऱ्याबरोबर जाते. कपाटात ती साचते. दमट, स्थिर हवा आणि दाट फुलोरा ही बुरशीला पर्वणीच. नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला जे शत्रू तोंडपाठ आहेत, तेच इथे भेटतात: पानांवर पांढरी भुरी, गुच्छाच्या आत शिरणारी करडी बुरशी, पानामागे जाळी विणणारा कोळी, फुलकिडे. करडी बुरशी विशेष वाईट, कारण ती फुलोऱ्याच्या आतून कुजवत येते आणि बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. असा माल फेकून द्यावा लागतो. बुरशीचे बीजाणू धुराबरोबर फुप्फुसात जातात, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला त्यातून गंभीर संसर्ग होऊ शकतो. म्हणून हवा खेळती ठेवणे आणि दमटपणा मोजणे ही कामे दिव्याइतकीच महत्त्वाची.

औषध फवारून सुटका करून घेण्याचा मार्ग इथे जवळजवळ बंद आहे. द्राक्षावरच्या भुरीसाठी वापरले जाणारे मायक्लोब्युटॅनिल हे याचे बोलके उदाहरण. फळावर त्याचा ठरावीक अंश खपवून घेतला जातो, कारण तेवढा अंश पोटात जाणे सुरक्षित मानले जाते. तेच औषध तापवले की त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघू शकतो, आणि गांजा तर बहुधा जाळूनच ओढला जातो. २०१६-१७ च्या सुमारास कॅनडात परवानाधारक उत्पादकांच्या मालातही हे औषध आढळले, माल परत मागवावा लागला आणि त्यानंतर तपासणी कडक झाली. घरच्या कपाटातल्या मालाची तपासणी कोणी करत नाही. ती जबाबदारी वाढवणाऱ्यावर पडते.

फुलोरा सुरू झाला की वास लपत नाही. त्यात मायर्सीन, लिमोनीन, कॅरिओफायलीन अशी सुगंधी द्रव्ये असतात, जी आंब्यात, लिंबात आणि मिऱ्यातही आढळतात. पण त्या झाडाचा जो खास उग्र दर्प आहे, तो मुख्यतः गंधकयुक्त द्रव्यांचा, हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. सामाईक भिंतींच्या इमारतींत शेजाऱ्यांच्या तक्रारींचे मोठे कारण हा वासच असतो. कायद्याने परवानगी दिली म्हणून शेजाऱ्याचा त्रास वैध ठरत नाही.

फुलोरा साधारण दोन ते अडीच महिन्यांत पक्व होतो. राळेचे थेंब आधी काचेसारखे नितळ असतात, मग दुधाळ होतात, पुढे काहींवर पिवळसर छटा येते; भिंगातून पाहून पक्वता ठरवतात. त्यानंतर फुलोरा सावलीत, मंद हवेत सावकाश वाळवला जातो. घाई केली तर चव जाते, आणि ओल राहिली तर पुन्हा बुरशी धरते. ताज्या झाडात नशा आणणारे टीएचसी फारसे नसतेच. असते ते त्याचे आम्लरूप, जे तापवल्यावर टीएचसीत बदलते. हे टीएचसी १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. अमेरिकेत जप्त होणाऱ्या गांजात त्याचे सरासरी प्रमाण १९९५ साली सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ पर्यंत १२ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. घरगुती मालात किती आहे हे पाकिटावर लिहिलेले नसते. त्यामुळे मात्रेचा अंदाज चुकतो, विशेषतः खाण्याच्या पदार्थांत. तिथे परिणाम तास-दोन तासांनी सुरू होतो आणि माणूस तोवर दुसऱ्यांदा खाऊन मोकळा होतो. घरातली लहान मुले आणि कुत्री यांना अशा पदार्थांनी विषबाधा झाल्यावर रुग्णालय गाठावे लागते. कपाटाला कुलूप हवे ते चोरापेक्षा यांच्यासाठी. ब्यूटेनसारखी ज्वलनशील द्रव्ये वापरून घरी अर्क काढण्यास कॅनडात मनाई आहे, कारण त्यातून स्फोट झाले आहेत. वाढत्या वयात आणि गरोदरपणात या पदार्थाचे सेवन धोक्याचे, आणि घराण्यात मनोविकाराचा इतिहास असेल तर अधिकच धोक्याचे, याबाबत वैद्यकीय जगतात दुमत नाही.

या उद्योगाचा विजेचा हिशेब फार कमी लोक करतात. दोनशे वॅटचा एक एलईडी दिवा अठरा तास चालला तर दिवसाला ३.६ युनिट, बारा तास चालला तर २.४ युनिट. दोन महिने वाढ आणि दोन महिने फुलोरा धरला, तर एका पिकाला नुसत्या दिव्याचेच ३६० युनिट होतात. पंखा आणि दमटपणा शोषणारे यंत्र निराळेच. मोठ्या प्रमाणावर हेच किती वाढते, ते कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली मोजले. अमेरिकेत बंदिस्त जागेत पिकवलेल्या एक किलो वाळल्या फुलोऱ्यामागे, ठिकाणानुसार, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. सूर्य जे फुकट देतो ते दिव्याने विकत घेण्याची ही किंमत आहे. हे झाड लपवण्याची गरज जिथे उरलेली नाही, तिथे ते परसात उन्हात वाढवणे सर्वांत शहाणपणाचे. कॅनडातल्या छोट्या उन्हाळ्यातही लवकर फुलणारे वाण ते साधून देतात.

भारतात यातले काहीच चालत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजाच्या झाडाची विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे. त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गच्चीतली एक कुंडी आणि डोंगरातले शेत, दोन्ही लागवडच. कायद्याच्या व्याख्येतला गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे; शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत, म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकाने चालतात. धागा आणि बियांसाठी नगण्य नशेच्या भांगेची लागवड करण्याचा परवाना राज्ये देऊ शकतात. उत्तराखंडाने २०१८ साली त्याची सुरुवात केली, आणि तिथे टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के आहे. कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. टोरांटोत कायद्याने वाढवलेला फुलोराही विमानातून देशाबाहेर नेणे कॅनडाच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो घेऊन मुंबईत उतरणाऱ्यावर भारतीय कायद्याने आयातीचा गुन्हा लागतो, प्रवाशाचा पासपोर्ट कुठलाही असो.